पाचर बसली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाचर आहे. वीतभरसुद्धा लांब नाही. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला कागदासारखी पातळ, पोटाला काळं रबर आणि जाड टोकाच्या भोकात ओवलेली एक सुती दोरी. दाराखाली आतून सरकवली की दार बाहेरून उघडत नाही, एवढंच माझं काम. 'पाचर मारणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे, असं तुम्ही शाळेत शिकला असाल. तो वाक्प्रचार ठरवताना माझी बाजू कुणी विचारली नाही. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता येत नाही, कारण जिला जपण्यासाठी मला घडवलं, तिच्यापर्यंत मदत पोचू दिली नाही ती मीच. ते कसं घडलं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत मांडलेलं एक लांब टेबल, भिंतीवर हत्यारं आणि जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा. सुतार मोजकं बोलणारा माणूस होता. दोनदा मापल्याशिवाय तो लाकूड कापत नसे, आणि बोलण्याच्या बाबतीतही त्याचं तसंच होतं. बायको लवकर गेली, थोरला मुलगा लग्न करून दुसऱ्या शहरात राहायला गेला, आणि घरात तो आणि त्याची मुलगी असे दोघंच उरले. मुलीला तो ठमे म्हणायचा. ती पंचविशीची झाली, नोकरीला लागली, तरी ठमेच.

ठमीची नोकरी वजनकाटे तपासण्याची होती. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे खरं वजन दाखवतात की नाही ते पाहायचं आणि बिघडला असेल तो दुरुस्त करायचा. त्यासाठी पितळी वजनांची पेटी घेऊन गावोगाव एकटीनं फिरायचं आणि लॉजवर मुक्काम करायचा. कामात ती हुशार होती. पण पहिल्याच फेरीत तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती झोपायच्या तयारीत असताना कुणीतरी बाहेरून दाराची मूठ फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, मग खांद्यानं दार ढकलून पाहिलं. कडी खिळखिळी होती. खोली चुकलेला कुणी असावा, कारण थोड्या वेळानं तो निघून गेला. पण ही दाराला खुर्ची टेकवून त्या खुर्चीवर उजाडेपर्यंत बसून राहिली. सकाळी एकही काटा न तपासता पहिल्या गाडीनं घरी आली आणि पेटी टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, मी राजीनामा देतेय. मला नाही जमणार हे."

सुतारानं पेन्सिल कानावर खोचली. "दार आत उघडणारं होतं की बाहेर?"

"बाबा, मी काय सांगतेय..."

"आत की बाहेर?"

"आत."

"खाली फट केवढी होती? बोटभर?"

"मी काय तिथं फट मोजायला गेले होते का हो?" रडता रडताच तिला हसू फुटलं. "असेल बोटभर."

"मग राजीनामा परवा दे. आज थांब जरा."

त्यांच्या घराच्या चौकटीतून उरलेला एक कठीण लाकडाचा तुकडा कोपऱ्यात पडून होता. त्यातून त्यानं मला कापलं, रंधा मारला, पॉलिशपेपरनं घासलं. मग ठमीला आतल्या खोलीत बसवून मला दाराखाली सरकवायला लावलं आणि शेजारच्या वेल्डरला बोलावलं. वेल्डर अंगानं दांडगा. त्यानं दारावर धडक मारली, पण दार हललं नाही. मला वाटलं, झालो आपण पास. पण सुतारानं लोखंडी पट्टी घेतली, जमिनीवर पालथा पडला, पट्टी दाराखालून घातली आणि मला आत ढकलून दिलं. दोन मिनिटांत दार उघडलं. माझी मान खाली गेली.

"हे काही चालायचं नाही," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं माझं पातळ टोक आणखी तासलं, इतकं की पट्टी त्याला अडकण्याऐवजी त्याच्यावरून घसरून जावी. पोटाला जुन्या टायरचं रबर चिकटवलं. जाड टोकाला भोक पाडून दोरी ओवली. आता मला काढायचं तर आतून दोरी ओढायची, दुसरा मार्ग ठेवलाच नाही. बाहेरून जितका धक्का द्याल, तितकी मी घट्ट बसणार. वेल्डरनं पुन्हा धडक मारली आणि खांदा चोळत म्हणाला, "आता ब्रह्मदेव आला तरी बाहेरून उघडत नाही." सुतार हसला. त्या वेळी मीही फुशारून गेले होते. त्या वाक्याचा अर्थ आमच्यापैकी एकालाही कळला नव्हता.

मित्रांनो, सुतार नुसती पाचर देऊन थांबला नाही. त्यानं एक पद्धत घालून दिली. "मी तुला फोन करणार नाही," तो मुलीला म्हणाला. "तू जिना चढत असशील, हातात पेटी असेल, फोन उचलायच्या नादात सामानाकडे दुर्लक्ष होईल. खोलीत जा. बाथरूम बघ, पलंगाखाली बघ, पडद्यामागं बघ. पाचर लाव. मग तू फोन कर. सव्वाआठपर्यंत तुझा फोन नाही आला, तर मी लॉजवाल्याला लावीन."

"आणि काय बोलू रोज रोज?"

"पाचर बसली, एवढं सांग. सकाळी निघताना सांग, पाचर निघाली. बाकीचं घरी आल्यावर."

लॉजचं नाव, तिथला नंबर, हे सगळं तो कागदावर लिहीत नसे. कागद हरवतात म्हणायचा. टेबलाशेजारी एक फळी उभी होती, तिच्यावर सुतारी पेन्सिलीनं ठळक लिहायचा. ठमी सुखरूप घरी आली की त्या अक्षरांवरून रंधा फिरवायचा. कोऱ्या लाकडाचा वास सुटायचा, आणि ती फेरी संपली असं दोघं मानायची. दर फेरीला फळी थोडी पातळ व्हायची. ठमी म्हणायची, "बाबा, मी निवृत्त होईपर्यंत फळीचा पापड होईल." तो म्हणायचा, "होऊ दे. दुसरी आणू."

अशी आम्ही अकरा वर्षं फिरलो. त्या पेटीतली पितळी वजनं सुरुवातीला मला हिंग लावूनही विचारत नव्हती. त्यांना मखमली कप्पे, मी मात्र टॉवेलात गुंडाळलेली. पण खोलीत शिरल्यावर पहिला हात माझ्याकडे यायचा. ठमी भित्री नव्हती असं मी म्हणणार नाही. अनोळखी गावात उतरली की तिचे तळवे ओले व्हायचे. गाडीत ती चालकाच्या मागच्या जागेवर बसायची, उजेड असतानाच पोचेल अशी गाडी पकडायची, आणि लॉजच्या माणसानं चारचौघांत खोलीचा क्रमांक मोठ्यानं उच्चारला तर शांतपणे दुसरी खोली मागायची. जिन्यापासून आपली खोली कितवी, हे दारं मोजून लक्षात ठेवायची. दार बाहेर उघडणारं असलं की माझा काही उपयोग नसायचा, म्हणून तीही खोली बदलून घ्यायची. तरी कधीकधी छाती धडधडायचीच. मग ती पलंगावर बसून मला हातात घ्यायची आणि माझ्या उतारावरून अंगठा फिरवायची. अंगठा वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. दहा वेळा, कधी वीस वेळा. माझ्या पाठीवर तिच्या अंगठ्याची एक गुळगुळीत वाट पडली आहे. ती अजून आहे, वापरात नाही.

एकदा गाडीच्या दगदगीनं ती फोन न करताच झोपली. सव्वाआठनंतर पाचव्या मिनिटाला लॉजचा व्यवस्थापक दार ठोठावत होता. "मॅडम, तुमचे वडील फोनवर आहेत. विचारतायत, पाचर बसली का? म्हणजे काय हो?" आजूबाजूच्या खोल्यांमधून लोक हसले. ठमी दोन दिवस बापावर रुसली. पण मनातून तिला किती बरं वाटलं होतं ते मला ठाऊक आहे, कारण त्या मुक्कामात तिनं मला हातातच घेतलं नाही.

कौतुकही पुष्कळ झालं. एका गावी खोल्या कमी पडल्या म्हणून एक परिचारिका तिच्याबरोबर राहिली. मला बघून म्हणाली, "मलाही अशी एक हवी. मी कपाट ओढून लावते दाराला, पाठ मोडते माझी." सुतारानं तिच्यासाठी एक केली. मग तिच्या मैत्रिणीसाठी, मग ठमीच्या कचेरीतल्या दोघींसाठी. अशी माझी तेरा भावंडं आज कुठे कुठे दाराखाली बसली असतील. प्रत्येकीला पाचर देताना सुतार विचारायचा, "आणि सव्वाआठला कुणाला सांगणार?" काही जणींना उत्तर सुचत नसे. त्यांना तो स्वतःचा नंबर द्यायचा.

बाराव्या वर्षी एका संध्याकाळी ठमीनं नेहमीसारखं सांगितलं, "पाचर बसली." पलीकडून नेहमीसारखं उत्तर आलं, "झोप मग." सकाळी मला काढून तिनं फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. मग वेल्डरला लावला. वेल्डरनं हाका मारल्या, खिडकीतून पाहिलं, आणि शेवटी कारखान्याचं दार फोडलं. सुतार टेबलापाशी भुशात पडला होता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी फोननंतर थोड्याच वेळात पडले असावेत, त्यानंतरही बराच वेळ जीव होता.

मित्रांनो, हे मला आजही सहन होत नाही. अकरा वर्षं तो, मी आणि ती फळी, आम्ही तिघांनी मिळून एका माणसाची काळजी वाहिली. पण तो स्वतः घरात एकटा असायचा, आणि त्याच्यासाठी घड्याळ बघणारं कुणी नव्हतं. कुणाला ते सुचलंही नाही. सुतारालाही नाही, ठमीलाही नाही. घरात काय होणार, असंच सगळे धरून चालले होते.

ठमी घरी आली तेव्हा फळीवर तिच्या त्याच लॉजचं नाव होतं. ती सुखरूप परतली होती, पण रंधा मारायचा कुणी? तिनं तो स्वतः मारला नाही. फळी तशीच उचलून कपाटामागं ठेवली.

सुरुवातीला तिनं भावाला फोन केले. भाऊ वाईट नाही. त्याची दुकानदारी, दोन मुलं, हजार कटकटी. तो म्हणाला, "अगं, रोज फोन कशाला? मोबाइलवर मेसेज टाक, मी बघतो." तिनं रोज संध्याकाळी टाकलं, 'पाचर बसली.' तो अंगठा पाठवायचा. महिनाभर अंगठे आले, मग एक दिवसाआड, मग आठवड्याचे एकदम. एका संध्याकाळी तिनं मुद्दाम मेसेज टाकलाच नाही आणि बघत बसली. सव्वाआठ झाले, नऊ झाले, दुसरा दिवस उजाडला. भावाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर तिनं मेसेज टाकणं सोडलं. मला दाराखाली सरकवून ती माझ्याकडेच बघून म्हणायची, "पाचर बसली." मला सांगून काय उपयोग? मला तर ते माहीतच होतं.

त्यानंतरच्या तीन वर्षांत तिची भीती वाढत गेली. आधी मी एकटी पुरे असायचे. मग माझ्यामागं खुर्ची आली, खुर्चीवर वजनांची पेटी आली. जेवायला खाली जाणं तिनं बंद केलं. अंगठा माझ्या पाठीवर फिरायचा, पण श्वास काही केल्या त्याच्या चालीनं चालायचा नाही. मी अजूनही दार धरून ठेवत होते, तिची झोप मात्र मला धरता आली नाही.

आणि मग तो लॉज आला. लांबलचक बोळ, टोकाची खोली, आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या. तिनं बाथरूम पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, मला सरकवलं आणि पायानं दोनदा ठोकून घट्ट केलं. फोन पलंगाशेजारी चार्जिंगला लावला. हातपाय धुवायला गेली आणि ओल्या फरशीवरून तिचा पाय सटकला. मी फक्त आवाज ऐकला. असा आवाज मी कारखान्यातही कधी ऐकला नव्हता.

तिनं हाका मारल्या. आधी मोठ्यानं, मग दमादमानं. रिकाम्या बोळात कोण ऐकणार? मांडीचं हाड मोडलेलं. तरी ती कोपरांवर सरकत बाथरूमच्या उंबरठ्यापर्यंत आली. फोन पलंगाच्या पलीकडच्या बाजूला होता. त्यापेक्षा दार जवळ होतं. ती दाराकडे, म्हणजे माझ्याकडे सरकायला लागली. थांबायची, शुद्ध हरपायची, पुन्हा सरकायची. सव्वाआठ होऊन गेले. फोन वाजला नाही. सुतार असता, तर सव्वाआठनंतर पाचव्या मिनिटाला दारावर थाप आली असती, आणि ठमीला पडून अर्धा तासही झाला नसता.

सकाळी खिडकीतून उजेड आला तेव्हा तिचा हात माझ्या दोरीपासून एका वितीवर होता. त्याच्या पुढे तो येईना.

उन्हं वर आल्यावर सफाईवाली आली. "मॅडम, खोली झाडायची का?" आतून कण्हण्याचा आवाज ऐकून ती धावत जाऊन व्यवस्थापकाला घेऊन आली. त्याच्याकडे दुसरी किल्ली होती. कुलूप उघडलं, कडी तर तिनं लावलीच नव्हती, तिचा सगळा भरवसा माझ्यावर होता. त्यानं दार ढकललं. दार हललं नाही.

"आतून काय लावलंय हो, मॅडम?"

"पाचर..." ती म्हणाली. "दोरी... माझा हात पोचत नाही."

त्यानं खांद्यानं धक्का दिला. मी आणखी घट्ट बसले. दोघातिघांनी मिळून धडक दिली. मी त्याहून घट्ट बसले. मित्रांनो, मी मनात किती आक्रोश केला, पण माझा आकारच तसा आहे. मला सैल होता येत नाही. मग व्यवस्थापक जमिनीवर पालथा झाला. त्यानं लोखंडी पट्टी दाराखालून घातली. ती पट्टी माझ्या टोकाला लागली आणि घसरून माझ्या पाठीवरून वर गेली. त्यानं पुन्हा घातली. पुन्हा घसरली. तासून तासून पातळ केलेलं माझं ते टोक. सुताराच्या हातचं काम पक्कं होतं. कुठेही खोट नव्हती.

शेवटी कुणीतरी गावातल्या सुताराला आणलं. त्याची करवत दाराच्या फळीत शिरली तेव्हा तो आवाज ऐकून ठमीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, आलात?" मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. दाराला भगदाड पाडून एक हात आत आला, दोरी सापडली, आणि मी निघाले. सगळं मिळून अठरा तास झाले होते.

हाड सांधलं. पण इतका वेळ तशा अवस्थेत पडून राहिल्यानं पायाची नस कायमची गेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "लवकर आणलं असतं तर पाय पहिल्यासारखा झाला असता." ते मला उद्देशून बोलले नव्हते, पण मी ते माझ्या नावावर घेतलं आहे. ठमीचं पाऊल आता उचलत नाही, फरफटतं. पेटी उचलणं दूरच, जिना चढणंही अवघड. नोकरी गेली. भावानं तिला आपल्या घरी आणलं, तिच्या पायाशी बसून पुष्कळ रडला, आणि मागची खोली दिली. खरं सांगते, त्याचं रडणं खोटं नव्हतं. फक्त त्याची वेळ चुकली होती.

त्या खोलीच्या दाराची कडी ठमीनं काढून टाकायला लावली. बाथरूमचीही. दार बंद झालं की तिचा श्वास कोंडतो. म्हणून तिनं मला पुन्हा बाहेर काढलं आणि आता मी दार बंद होऊ नये म्हणून लावलेली असते. दिवसभर, वर्षभर. वाऱ्यानं दार हललं की मी ते अडवते. येणारेजाणारे माझ्यावर ठेचकाळतात आणि वहिनी अधूनमधून म्हणते, "हा लाकडाचा तुकडा टाकून का देत नाही?" मला त्याचं वाईट वाटत नाही. नुसतं दार उघडं धरणाऱ्या पाचरीबद्दल एके काळी मीही तेच म्हटलं असतं.

मित्रांनो, आता शेवटची गोष्ट. भावाची मुलगी, ठमीची पुतणी, शिकून मोठी झाली. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. गेल्या सोमवारी ती एकटी निघाली. निघताना मागच्या खोलीत आली. ठमीनं वाकून मला दाराखालून काढलं आणि पदरानं पुसून तिच्यापुढे धरलं.

"आत्या, अगं मला नको," पुतणी प्रेमानंच म्हणाली. "तुझ्या दाराला काय लावशील मग? आणि तिकडं खाली पहारेकरी असतो, कॅमेरे आहेत."

"बरं. पण खोलीत गेलीस की संध्याकाळी मला फोन करशील? जास्त नाही बोलायचं. दोन शब्द."

"करीन की! तू ना, उगाच जीव टांगणीला लावून घेतेस." तिनं आत्याला मिठी मारली आणि गेली. मी जमिनीवर तशीच राहिले. दार हळूहळू बंद व्हायला लागलं तेव्हा ठमीनं धडपडत मला पुन्हा लावलं.

त्याच दुपारी तिनं कपाटामागून ती फळी काढली. बापाचा रंधा तिनं जपून ठेवला होता. पलंगावर बसून, फळी मांडीवर आडवी घेऊन, तिनं त्या जुन्या लॉजच्या नावावरून रंधा फिरवला. इतक्या वर्षांनी ती फेरी संपवली. लाकूड आता इतकं पातळ झालं आहे की उजेडासमोर धरलं तर पलीकडची सावली दिसते. त्यावर तिनं पुतणीच्या वसतिगृहाचं नाव आणि नंबर ठळक अक्षरांत लिहिला, आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

सोमवारी सव्वाआठ वाजले. फोन आला नाही. पाच मिनिटं थांबून तिनं बापाच्या नियमाप्रमाणे वसतिगृहात फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "हो, पोचल्यात त्या, जेवतायत." मग पुतणीचाच मेसेज आला, 'आत्या, तिकडे फोन नको ना करूस, सगळ्या हसल्या. मी ठीक आहे, निवांत बोलते.' ठमीनं तो चारदा वाचला. तिलाही एकदा असाच राग आला होता, हे तिला आठवलं असणार. मंगळवारी तिनं वसतिगृहात फोन केला नाही. पुतणीचाही आला नाही. बुधवारी नाही. आज गुरुवार आहे.

तुम्हीही एक दिवस एकटे प्रवासाला निघाल. जरूर निघा. घरी बसून माणूस सुरक्षित राहत नाही, ते भुशात पडलेल्या सुतारानं मला शिकवलं आहे. दारं मोजा, उजेडात पोचा, छाती धडधडली तर हळूहळू श्वास घ्या, आणि माझ्यासारखी एखादी पाचर जवळ ठेवा. पण मी अर्धीच आहे. माझा दुसरा अर्धा भाग म्हणजे कुठेतरी घड्याळाकडे बघत बसलेलं माणूस. तो नसेल तर मी नुसता अडथळा आहे, आणि वेळ आली की तुमच्याच वाटेत आडवी येईन. म्हणून पोचल्यावर त्या माणसाला फोन करा. हसलं कुणी तर हसू द्या. आणि जाताना एवढंही विचारा, की तुमच्यामागं त्याची चौकशी कोण करणार.

आता सव्वाआठ व्हायला दोन मिनिटं आहेत. ठमी फळी भिंतीला टेकवून बसली आहे. अंगठा मांडीवरच वर-खाली फिरतो आहे, कारण मी तिच्या हातात नाही. मला इकडे दार उघडं धरून ठेवायचं आहे.